ऑटोबानवर बंद पडलेली गाडी दोरीने ओढत घरापर्यंत नेता येते का? (जर्मनी)

स्टुटगार्टचा_सदू
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी म्युनिकहून परत येताना ए८ ऑटोबानवर (इथला एक्सप्रेसवे) उल्म-वेस्टच्या पुढे आलो आणि टायमिंग बेल्ट तुटला, इंजिन जागच्या जागी ठप्प. कशीबशी शोल्डरवर (कडेच्या आपत्कालीन लेनवर) घेतली. बरोबर बायको, मुलगा आणि पुण्याहून आलेली आई, ती बिचारी थंडीमुळे गाडीतच बसून राहिली. उल्ममधला मित्र अर्ध्या तासात दोरी घेऊन हजर. आमचा प्लॅन असा की हळूहळू थेट एसलिंगेनला आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे न्यायची म्हणजे दोनदा खर्च नको. मर्कलिंगनची एक्झिट आली तशी गेली आणि थोडं पुढे पोलिसांनी बाजूला घेतलं, म्हणे मर्कलिंगनलाच उतरायचं होतं. मित्राला २० युरो. मदतीला आलेल्या माणसालाच भुर्दंड, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता गाडी होहेनश्टाटमध्ये एका शेतकऱ्याच्या आवारात उभी आहे. असा नियम खरंच आहे का? आणि उरलेलं अंतर परत दोरी बांधून नेलं तर चालेल का? मित्राची गाडी मी चालवेन, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर बायको बसेल, पण तिचं भारतातलं लायसन्स आहे आणि इथे येऊन सहा महिने कधीच उलटलेत.

नेकारकाठी
नियम आहे, आणि अगदी स्पष्ट आहे. श्ट्रासनफेरकेर्स-ओर्डनुंग म्हणजे इथले वाहतुकीचे नियम, त्यातलं कलम १५ए. ऑटोबानवर बंद पडलेली गाडी ओढत असाल तर पुढच्याच एक्झिटला खाली उतरायचं. बाहेर कुठे बंद पडलेली गाडी ओढत ऑटोबानवर चढवायची नाही. ओढताना दोन्ही गाड्यांचे चारी इंडिकेटर चालू पाहिजेत. मोटरसायकल तर अशी ओढायचीच नाही. एवढंच आहे ते कलम, चार ओळींचं. म्हणजे तुम्हाला दोरी बांधायला बंदी नव्हतीच, एक्झिट सोडली तिथे चुकलं.

याशिवाय दोन गाड्यांमध्ये जास्तीत जास्त ५ मीटर अंतर आणि दोरीला लाल फडकं, लांबून दिसलं पाहिजे म्हणून. ओढण्यासाठी वेगाचा वेगळा आकडा कायद्यात नाही पण ५०च्या वर जाऊ नका असं सगळेच सांगतात. ऑस्ट्रियात मात्र ४० ची मर्यादा आहे, तिकडे स्कीइंगला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

खंडाळ्याचा_घाट
अरे काय राव, आमच्या जुन्या हायवेला घाटात बंद पडलेला ट्रक दुसरा ट्रक साखळीने ओढत नेतो, उभा असला तर मागे झाडाची फांदी आणि दोन दगड, झालं वॉर्निंग ट्रँगल 😄 तसा आपल्याकडेही नियम आहे बरं का, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला माणूस लागतो आणि अंतर ५ मीटरच्या आत. पाळतो कोण ते सोडा. पण पुढच्याच एक्झिटला उतरा हे कशाला? मर्कलिंगनला उतरून त्याला काय मिळणार होतं, तिथे गॅरेज नसलं तर?

नेकारकाठी
@खंडाळ्याचा_घाट गॅरेजचा संबंधच नाही. जिथे लोक १५० ने येतात तिथे ४०-५० ने चाललेली दोरीची जोडी किती वेळ ठेवायची, एवढाच प्रश्न. दोरी गाडीला धोक्यातनं बाहेर काढायला आहे, घरी न्यायला नाही. आणि इथे आब्श्लेपेन वेगळं आणि श्लेपेन वेगळं. पहिलं म्हणजे अडचणीतली मदत, त्याला परवानगी लागत नाही. चालू शकत नसलेली गाडी आपल्या सोयीने लांबवर ओढत नेणं हे दुसरं, त्याला परवानगी लागते. किती किलोमीटरपर्यंत मदत आणि कुठून पुढे सोय असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून सदूभाऊ, चार दिवसांनी शेतकऱ्याच्या आवारातून काढून जवळची गॅरेजं सोडून एसलिंगेन गाठणं ही मदत आहे हे पोलिसाला पटवणं तुम्हालाच जड जाईल.

वहिनींचं म्हणाल तर खऱ्या आब्श्लेपेनमध्ये मागच्या गाडीत स्टिअरिंग धरणाऱ्याला लायसन्सची सक्ती नाही, फक्त ती गाडी सांभाळता आली पाहिजे. पण तुमचा प्रवास श्लेपेन ठरला तर ही सवलत विसरा.

उल्मची_ताई
कलमं राहू द्या बाजूला, मी त्या रस्त्याने रोज जाते म्हणून सांगते. होहेनश्टाट आल्ब डोंगररांगेच्या पठारावर आहे, एसलिंगेन खाली नेकारच्या काठी. म्हणजे कुठूनही गेलात तरी उतार आहेच, बी१० हायवेने गेलात तर गाइसलिंगेनचा घाट. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद, दोन-तीनदा दाबलात की पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग पण जड. त्यात पुढे ५ मीटरवर नवऱ्याची पाठ. बायकोला त्या सीटवर बसवायचा विचार सुद्धा करू नका!! रिकाम्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा म्हणजे कळेल.

आणि आईंना गाडीत का बसवलंत? शोल्डरवर थांबलात की आधी सगळे लोखंडी कठड्याच्या पलीकडे, थंडी असो की पाऊस, ब्लँकेट द्या हवं तर. चमकणारं सेफ्टी व्हेस्ट २०१४ पासून गाडीत ठेवायलाच लागतं, कायद्याने एक पुरतं पण माणशी एक ठेवा, आणि ते डिकीत सामानाखाली नको. फोनला रेंज नसेल तर कडेच्या पांढऱ्या खांबांवर छोटा बाण असतो, त्या दिशेला चालत गेलं की नारिंगी इमर्जन्सी फोन सापडतो.

आता कामाचं. तुमच्या इन्शुरन्समध्ये शुत्सब्रीफ (गाडी बंद पडली तर मदत देणारं जादा कव्हर) आहे का बघा, वर्षाला थोडेसे पैसे जास्त भरून मिळतं आणि लोकांना आपण ते घेतलंय हेच माहीत नसतं. आधी त्यांना फोन करा, मग ते सांगतील तोच फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. परस्पर बोलावलात तर बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. गाडी मूळ जागेवरून हलवलीये ते खरं सांगा. आडाक (एडीएसी, इथला वाहनचालकांचा क्लब) ची मेंबरशिप घेतलीत तर ते कव्हर गाडीला नसतं, माणसाला असतं, मित्राच्या गाडीत असलात तरी चालतं.

खंडाळ्याचा_घाट
ताई, एक सांगा, टो करायचा हुक माझ्या गाडीत आटे धरतच नाही, तुटलाय की काय.

उल्मची_ताई
उलटा फिरवून बघा. बऱ्याच गाड्यांत डावे आटे असतात.

खंडाळ्याचा_घाट
🙈 बसला. तीन वर्षं दोष मेकॅनिकला देत होतो.

स्टुटगार्टचा_सदू
सगळ्यांचे आभार. पॉलिसी काढून बघितली तर शुत्सब्रीफ आहे, २०१९ पासून भरतोय!! फोन केला, खरं काय ते सांगितलं, बाई थोडी हसली पण हो म्हणाली, गुरुवारी फ्लॅटबेड येतोय. गॅरेज मात्र त्यांच्या हिशोबाने जवळचंच, गाइसलिंगेनमधलं, एसलिंगेन नाही. मित्र २० युरो घ्यायला तयार नाही, म्हणतो आईंच्या हातच्या पुरणपोळ्या पाठव. आई कालपासून डाळ शिजवतेय.