मदत हवी आहे: वडिलांना मल्टिपल मायलोमा, कुठे न्यावं? मुंबई, पुणे की हैदराबाद?

दुधनाकाठ (धागा काढणारा)
परवा रिपोर्ट आला, वडिलांना मल्टिपल मायलोमा (बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) निघालाय. इथले डॉक्टर म्हणायलेत मोठ्या सेंटरला न्या, पण कोणत्या ते सांगेनात. पाहुणे म्हणतात टाटा, मेहुणे म्हणतात हैदराबाद जवळ पडतं, एक जण पुण्याचं सांगायलाय. आम्ही जिंतूर तालुक्यातले. शनिवारी गाडी करून निघायचं आहे. सगळ्यात चांगलं सेंटर कोणतं तेवढं सांगा. आजार काय असतो ते वाचलंय, ते परत नको.

रक्तपेशी
वय, वजन? हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन किती? एम-बँड (या पेशींनी तयार केलेलं जादा प्रथिन) किती? बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी किती टक्के? मणक्याचा एमआरआय झालाय का? पायातली ताकद कमी झालीय का, लघवी अडते का? ही माहिती नसताना सेंटरचं नाव सांगणं म्हणजे अंधारात बोट दाखवणं आहे.

वारकरी_परळ
टाटा मेमोरियल, दुसरा विचार करू नका. फाइल परळला निघते, ट्रान्सप्लांट खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये होतं. मॅरोच्या काचपट्ट्या आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक बरोबर घ्या, ते स्वतःच्या लॅबमध्ये परत बघतात. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. परळला नाना पालकर स्मृती समितीतही विचारा.

गोदा_ते_मुसी
परभणीवाल्यांनी मुंबईलाच का जायचं? हैदराबादला पंजागुट्ट्याचं निम्स सरकारी आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं. मुंबईपेक्षा अंतर कमी.

कागदपत्रे
अंतर कमी, पण खर्च खिशातून. महात्मा फुले जनआरोग्य योजना हैदराबादला चालत नाही. आयुष्मानच्या केंद्राच्या यादीत नाव असेल तरच बाहेरच्या राज्यात उपयोग होतो. आपल्याकडे दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं. रेशनकार्ड कोणत्या रंगाचं आहे?

दुधनाकाठ
रेशनकार्ड केशरी. वय ६१, वजन ५८. हिमोग्लोबिन ७.९, क्रिएटिनिन ३.४, कॅल्शियम ११.८, अल्ब्युमिन २.९, एम-बँड ४.२, प्लाझ्मा पेशी ४५ टक्के. एमआरआयमध्ये डी-११ मणका दबलाय. पाय चांगले आहेत, लघवी होते, उलट जास्तच होते. तोंड कोरडं पडतं, दिवसभर झोपून असतात. पाठीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि हाडाच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. आता तरी सेंटरचं नाव सांगा.

रक्तपेशी
शनिवारची वाट बघू नका. आजच फोन करा.

अल्ब्युमिन कमी असताना रिपोर्टवरचं कॅल्शियम खरं नसतं. ४ मधून २.९ वजा करा, ०.८ ने गुणा, आलेला आकडा ११.८ मध्ये मिळवा. जवळजवळ १२.७ येतात. लघवी जास्त, तोंड कोरडं, सतत झोप ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत. क्रिएटिनिन ३.४, वय आणि वजन धरून किडनीचा क्लिअरन्स, म्हणजे रक्त गाळायचा वेग, मिनिटाला १९ मिलिलिटरच्या आसपास येतो. मायलोमाच्या लाइट चेन (त्या पेशी सोडतात ते प्रथिनाचे तुकडे) किडनीच्या बारीक नळ्यांत अडकून घट्ट होतात. कॅल्शियममुळे लघवीवाटे पाणी जातं, अंग सुकतं आणि त्या अजून घट्ट बसतात. वरून डायक्लोफेनॅक किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं.

तुमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न आत्ता विचारा: डायक्लोफेनॅक बंद करून दुसरं काय देता? कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू ना? कॅल्शियम वाढलेल्या पेशंटला कॅल्शियमच्या गोळ्या चालू राहणं ही मायलोमात नेहमी होणारी चूक आहे. मणका दबला की गोळ्या लिहून दिल्या जातात, त्या वेळी रक्ताचा रिपोर्ट समोर नसतो.

मग उद्या सकाळी भरती. कुठे? जिथे किडनीचे डॉक्टर, डायलिसिस मशीन आणि कॅन्सर किंवा रक्तविकाराचे डॉक्टर एकाच आवारात किंवा शेजारी आहेत तिथे. तुमच्यापासून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगरला घाटी हे सरकारी हॉस्पिटल आणि आमखास मैदानाजवळचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल एकाच मेडिकल कॉलेजच्या अखत्यारीत आहेत. नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मुंबईचा प्रवास त्यानंतर.

वारकरी_परळ
हे पटलं नाही. पहिली केमो चुकली तर पुढचं सगळं बिघडतं. पहिलं मत मोठ्याच ठिकाणचं हवं.

रक्तपेशी
मत मोठ्या ठिकाणचं घ्याच, पण त्यासाठी पेशंटला ५०० किलोमीटर हलवायला नको. टाटाच्या डॉक्टरांचं मत ऑनलाइन मिळवून देणारी 'नव्या' ही सेवा आहे, रिपोर्ट स्कॅन करून पाठवता येतात. किडनी अशी असताना सुरुवातीला काय देतात यात फारसा वाद नाही: बॉर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. बॉर्टेझोमिबचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही. आठवड्याला एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, शरीराच्या क्षेत्रफळाच्या चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम. लेनालिडोमाइड ही मायलोमाची गोळी मात्र किडनीवाटे बाहेर पडतं. नेहमीचा २५ मिलिग्रॅमचा डोस इथे चालत नाही, तो घटवावा लागतो किंवा औषधच नंतर जोडतात. किडनी वाचायची असेल तर लाइट चेन दिवसांत खाली याव्या लागतात, महिन्यांत नाही.

सूक्ष्मदर्शक
एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. स्टिरॉइडचा पहिला डोस पडायच्या आधी रक्त काढून ठेवा: फ्री लाइट चेन (कप्पा आणि लॅम्डा हे दोन प्रकार), इम्युनोफिक्सेशन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, एलडीएच. त्याला पाच मिनिटं लागतात, त्यासाठी उपचार अडत नाही. नंतर काढलेल्या रक्तावरून मूळ पातळी कळत नाही आणि पुढे औषध किती लागू पडलं हे मोजायला आधार राहत नाही.

मॅरो झाला तेव्हा फिश तपासणी (पेशींच्या गुणसूत्रांतले बदल बघणारी) पाठवली होती का? १७पी डिलिशन, ४;१४, १४;१६, १क्यू या बदलांवरून आजार जास्त धोक्याचा आहे का ते कळतं. पाठवली नसेल तर उपचाराआधी परत मॅरो काढावा लागेल. तेव्हा सुईने ओढलेला पहिला नमुना फिशला द्यायला सांगा. नंतरच्या ओढीत रक्त मिसळतं आणि प्लाझ्मा पेशी कमी दिसतात.

फ्री लाइट चेनच्या रिपोर्टवर कप्पा-लॅम्डाचं गुणोत्तर ०.२६ ते १.६५ नॉर्मल असं छापून येईल. किडनी खराब असताना नॉर्मल ०.३७ ते ३.१ धरतात. कप्पा थोडा वर दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

शेतशिवार
रोज दोन नारळपाणी आणि गव्हांकुराचा रस द्या. अंगात पाणी राहील.

रक्तपेशी
क्रिएटिनिन ३.४ असताना नारळपाणी अजिबात नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. भरतीनंतर सलाइन शिरेतून चढवतात, तेही लघवीचं माप ठेवून. घरी आज साधं पाणी, सूज किंवा दम नसेल तर.

शेतशिवार
किडनीचं वाचनातून सुटलं. नारळपाण्याचं मागे घेतो.

पुणेरी_जोड
कुणी ट्रान्सप्लांटबद्दल बोलेना. ६१ वय आणि किडनी गेलेली, म्हणजे ट्रान्सप्लांट होणार नाही. मग टाटाची धावपळ कशाला? जवळच इंजेक्शनं घ्यावीत.

सूक्ष्मदर्शक
चूक. ६१ हे वय ट्रान्सप्लांटला अडसर नाही. पासष्टीपर्यंत तर सहज विचार होतो, पुढेही तब्येत बघून करतात. किडनीही अडसर नाही, ट्रान्सप्लांटच्या केमोचा, म्हणजे मेल्फालनचा, डोस चौरस मीटरला २०० ऐवजी १४० करतात. चार ते सहा सायकलनंतर स्टेम सेल गोळा करतात. लेनालिडोमाइड फार दिवस घेतल्यावर पेशी निघणं अवघड जातं, म्हणून ट्रान्सप्लांट सेंटरशी पहिल्या महिन्यातच बोलून ठेवायचं. किलोमागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी, म्हणजे स्टेम सेल, लागतात.

दुधनाकाठ
आज बोललो. डायक्लोफेनॅक आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. उद्या सकाळी संभाजीनगरला निघतो. फिश पाठवलेलं नाही. पण पुढे ट्रान्सप्लांटसाठी सेंटर कसं ओळखायचं? सगळेच म्हणतात आमच्याकडे होतं.

सूक्ष्मदर्शक
फोनवर हे विचारा, उत्तरांवरून कळतं. मायलोमाचे ऑटोलोगस (पेशंटच्याच स्टेम सेल परत देण्याचे) ट्रान्सप्लांट वर्षाला किती करता? आकडा सांगायला टाळाटाळ झाली की समजा. पेशी गोळा करायचं अफेरेसिस मशीन स्वतःचं आहे का? पेशी मॅरोतून रक्तात आणणाऱ्या नुसत्या जी-सीएसएफ इंजेक्शनांनी पेशी कमी निघाल्या तर प्लेरिक्साफोर हे जादा औषध मिळेल का, आणि ते पॅकेजमध्ये आहे की वेगळं? ते महाग आहे आणि ऐनवेळी रात्री मागतात. पेशी गोठवता की थंड ठेवून ताज्याच देता? ताज्या देण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे, चालते. मात्र मेल्फालन लगेच दिलं पाहिजे, मध्ये पेशंटला ताप आला तर पंचाईत होते. रक्त आणि प्लेटलेट रेडिएशन करून मिळतात का? ट्रान्सप्लांटच्या काळात साधी पिशवी चालत नाही. आवारात डायलिसिस आहे का? तुमच्या केसमध्ये हा प्रश्न पहिला. आणि घरी आल्यावर रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोण उचलतं, तो नंबर आधीच घ्या.

वारकरी_परळ
यात टाटा बसतंच. फक्त नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून फाइल आत्ता काढून ठेवा, ट्रान्सप्लांट चार महिन्यांनी असलं तरी. मुंबईला जाताना तपोवन घेऊ नका, ती दिवसाची बसून जायची गाडी आहे, दबलेल्या मणक्याला दहा-बारा तास बसणं झेपत नाही. देवगिरीने रात्री झोपून जा, खालचा बर्थ मागा. खारघरला जायचं तर कल्याण किंवा ठाण्याला उतरून टॅक्सी करा.

कागदपत्रे
रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्याचा घ्या. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. संभाजीनगरला पोचल्यावर आधी आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) टेबलावर जा. योजनेची मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, बिल भरल्यावर परत मिळत नाही. मूळ रेशनकार्ड आणि आधार दोन्ही न्या, दोन्हीकडे नाव सारखं आहे का ते आज रात्रीच बघा. आधारवर आडनाव एक आणि रेशनकार्डवर वेगळं असलं की तिथेच अडतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला लागतो.

गोदा_ते_मुसी
किडनीचं बघता सध्या संभाजीनगरच बरोबर. माझं हैदराबादचं म्हणणं ट्रान्सप्लांटपुरतं धरा.

पुणेरी_जोड
मायलोमा आनुवंशिक असतो का, मुलांनी इलेक्ट्रोफोरेसिस (एम-बँड शोधणारी रक्ततपासणी) करून घ्यावं का, हेही विचारून घ्या. नातेवाइकांत धोका थोडा वाढतो, पण लक्षणं नसताना सरसकट तपासणीची गरज नसते.

दुधनाकाठ
ते नंतर बघू. गाडीतून नेताना काय काळजी घ्यायची ते सांगा.

रक्तपेशी
मागच्या सीटवर आडवं झोपवून न्या, पाठीला टेलर ब्रेस असेल तर बांधा. उठवताना दंडाला धरून ओढू नका, आधी कुशीवर वळवा आणि मग पाय खाली सोडून बसवा. वाटेत पाय जड झाले, कमरेखाली बधिर वाटलं किंवा लघवी अडली तर संभाजीनगरला पोचल्यावर सरळ अपघात विभागात सांगा, 'मणक्यात दाब आलाय'. त्याला त्याच दिवशी एमआरआय, स्टिरॉइड आणि बहुधा रेडिएशन लागतं. ओपीडीच्या रांगेत थांबू नका.

तिथे कॉन्ट्रास्ट घालून सीटी करू म्हणाले तर क्रिएटिनिनचा आकडा आधी सांगा. हाडांसाठी विनाकॉन्ट्रास्ट लो-डोस सीटी किंवा पेट-सीटी चालतं, पण त्यासाठी बॉर्टेझोमिबचं पहिलं इंजेक्शन थांबवू नका. हाडांचं झोलेड्रॉनिक ॲसिड क्लिअरन्स ३० च्या खाली असताना टाळतात. डेनोसुमॅब देतात, पण त्यानंतर कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं, म्हणून तपासत राहावं लागतं. दोन्हींच्या आधी दातांची तपासणी करून घ्या. औषध सुरू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. बॉर्टेझोमिब सुरू झालं की नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर देतात, त्याचाही डोस किडनीप्रमाणे कमी असतो. चिठ्ठीत ते आहे का बघा.

दुधनाकाठ
गाडी सहाला ठरवली. काचपट्ट्या आणि ब्लॉक लॅबमधून आत्ता आणलेत.

सूक्ष्मदर्शक
ब्लॉक आणि काचपट्ट्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने मेण वितळतं. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवा, आणि लॅबचा नमुना क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते निघायच्या आधी बघा.