मदत हवी आहे: ६० सेंमीची डिश बदलू, एलएनबी बदलू की आहे त्यातच भागेल?

नमस्कार मंडळी,

गच्चीवर ६० सेंमीची ऑफसेट डिश आहे. तिच्यावर एक युनिव्हर्सल एलएनबी (डिशपुढच्या दांडीवरची डबी, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडते), तिथून खाली सेट-टॉप बॉक्सपर्यंत साधारण २५ मीटर आरजी-६ केबल. केयू बँडवरचे (छोट्या डिशवर येणाऱ्या फ्रीक्वेन्सींचा पट्टा) फुकटचे चॅनेल बघतो, महिन्याचं पॅकेज नाही. त्रास असा:

१. पावसाची जोरदार सर आली की चित्राचे चौकोन पडतात, मग 'नो सिग्नल'.
२. काही चॅनेल कोरड्या हवेतही कधी लागतात, कधी नाही. गंमत म्हणजे रुसणारे चॅनेल नेहमी तेच.
३. बॉक्सवर स्ट्रेंग्थ ८५ टक्क्यांच्या पुढे दिसते, क्वालिटी मात्र ४०-४५ वर अडते.

डिश बसवून देणारा म्हणतो, मध्ये एक अ‍ॅम्प्लिफायर टाका. स्ट्रेंग्थ एवढी असताना त्याची गरज का, ते काही पटत नाही. शिवाय शेजारचाच, आत्ताच्या उपग्रहापासून ६ अंशांवरचा आणखी एक उपग्रह घ्यायचा विचार आहे. त्यासाठी दुसरी डिश लावू की याच डिशवर दोन एलएनबी बसतील? नवीन काही आणायच्या आधी जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: जुनाखांब

अ‍ॅम्प्लिफायर आणू नका. एलएनबी स्वतःच सिग्नल ५०-६० डेसिबलने वाढवून खाली पाठवते, त्यामुळे २५ मीटर केबलमधली घट बॉक्सला जाणवतही नाही. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती काय येतंय ते, त्यात गोंगाटही आला. चित्र चालतं क्वालिटीवर, म्हणजे त्या गोंगाटातून सिग्नल किती वर आहे त्यावर. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच वाढवणार. पहिला आकडा ९५ होईल आणि पाऊस आला की चित्र तसंच जाईल.

क्वालिटी वाढते दोनच गोष्टींनी, अचूक रोख आणि मोठी डिश. आधी रोख बघा, कारण तो फुकट आहे. कोणाला तरी खाली टीव्हीपाशी उभं करा आणि डिशची वरची कड एका बोटाने हलकेच मागे दाबा, मग पुढे ओढा. तसंच डावी-उजवी कड. कुठल्याही बाजूला दाबल्यावर क्वालिटी वर गेली तर डिश तेवढी चुकलेली आहे. नीट लावलेल्या डिशला कुठूनही दाबलं तरी आकडा खालीच यायला हवा. आकडा उशिरा बदलतो, म्हणून दाबल्यावर चार-पाच सेकंद थांबा. ६० सेंमीच्या डिशचा झोत जेमतेम अडीच-तीन अंशांचा असतो, तेव्हा नट ढिला होऊन डिश अंशभर जरी झुकली तरी कोरड्या हवेत चालून जातं आणि पावसात उघडं पडतं. रोख जमला की एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून बघा. या फिरवण्याच्या कोनाला स्क्यू म्हणतात, तो बरेच जण तपासतच नाहीत.

प्रतिसाद: तिरपी_नजर

वरच्याला +१. पण क्रमांक २ चा आजार वेगळा वाटतोय. रुसणाऱ्या चॅनेलची माहिती उघडा आणि फ्रीक्वेन्सीपुढे एच (आडव्या लहरी) आहे की व्ही (उभ्या लहरी) ते बघा.

धागाकर्ता

बघितलं. सगळे एच! आणि बोटाने दाबायचा प्रयोगही केला. वरची कड मागे दाबली की क्वालिटी ४४ वरून ५८ वर जाते.

प्रतिसाद: तिरपी_नजर

मग दोन्ही सापडलं. कड मागे दाबल्यावर वाढते म्हणजे डिश खाली झुकलीय, एलेव्हेशन (उंचीचा कोन) किंचित वाढवा.

एचचं असं आहे: बॉक्स व्हीसाठी १३ व्होल्ट आणि एचसाठी १८ व्होल्ट केबलमधूनच वर पाठवतो. मध्ये कुठे जोड खराब असेल तर १८ चे १४-१५ होऊन पोचतात आणि एलएनबी समजते व्ही मागितलंय. गच्चीवरचा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा, एलएनबीला जोडणारा) उघडा. मधली तार हिरवट किंवा काळी दिसली तर चमकदार तांबं लागेपर्यंत केबल कापा आणि नवीन कनेक्टर लावा. आतली जाळी मधल्या तारेला टेकता कामा नये. एलएनबीच्या आधी केबलला खाली लोंबणारा एक वळसा द्या, पाणी तिथून गळून जातं. वरून रबरी टोपी नाहीतर स्वतःलाच चिकटणारी टेप. साधी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते.

धागाकर्ता

कनेक्टर उघडला, आत चक्क हिरवी भुकटी! केबल कापून नवीन लावला. एचचे चॅनेल लागले, रोख सुधारल्यावर क्वालिटी ६०च्या वर आहे. धन्यवाद. आता दुसऱ्या उपग्रहाचं सांगा. मोठी डिश घ्यावी लागेलच का?

प्रतिसाद: जुनाखांब

६ अंशांसाठी माझं मत सरळ ९० सेंमी. ६० च्या डिशवर दोन एलएनबींमध्ये चारेक सेंमीच अंतर येतं, साध्या एलएनबीची तोंडं एकमेकांना अडतात. ९० वर बसतात. शिवाय क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. पावसात हीच शिल्लक कामी येते. अगदी मुसळधार सरीत केयू बँड तरीही जाईल. ते नकोच असेल तर सी बँड (कमी फ्रीक्वेन्सीचा, पावसात फारसा न बिघडणारा), पण त्याला सहाएक फुटांची छत्री लागते आणि हवे ते चॅनेल त्यावर असायला हवेत.

दोन्हींपैकी जो उपग्रह कमजोर येतो तो मधल्या (डिशच्या बरोबर केंद्रातल्या) एलएनबीवर ठेवा, जोरदार येणारा बाजूच्या. बाजू उलटी होते हे लक्षात ठेवा: दुसरा उपग्रह पूर्वेला असेल तर त्याची एलएनबी पश्चिमेकडे येते. दोन्ही केबल एका डायसेक स्विचमध्ये (बॉक्सच्या सांगण्यावरून एलएनबी निवडणारा), तिथून एकच केबल खाली.

आणि खांब जाड घ्या. ९० च्या डिशवर वाराही सव्वादोन पट बसतो. ओळंबा लावून खांब आधी सरळ उभा करा, नाहीतर बाजूला फिरवताना उंचीचा कोन पण हलत राहतो आणि उपग्रह शोधता शोधता जीव जातो.