मदत हवी आहे: मिटिऑर ३५० वरून मोठ्या गाडीवर जावं का? (उंची ५ फूट २ इंच, पुणे–चिपळूण डबलसीट)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०२१ ची मिटिऑर ३५० आहे. रोजचं हडपसर ते कोथरूड तिच्यावरच होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही दोघं तिच्यावरूनच चिपळूणजवळच्या गावी जातो. नवरा गाडी चालवत नाही, त्यामुळे पूर्ण प्रवास मीच चालवते आणि तो मागे बसतो. दोघं मिळून आणि सॅडलबॅग धरून साधारण १४० किलो होतात.

गाडीवर माझा जीव आहे, हे आधी सांगते. उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली उतरताना मला तिच्याहून चांगली गाडी नको असते. तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २७ न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४००० फेरे (आरपीएम) घेत असतानाच मिळतो. त्यामुळे वळणावळणाला गिअर बदलत बसावं लागत नाही, आणि पावसाळ्यात धुकं खाली उतरलं की तो संथपणा फार बरा वाटतो. तिथे २० अश्वशक्ती पुरून उरते.

अडचण आहे ती पुणे ते उंब्रज. खंबाटकी चढताना ट्रकच्या मागे अडकलो आणि थोडी मोकळी जागा मिळाली, की मला ती जागा निवांतपणे वापरता येत नाही. गिअर खाली टाकते, पिळते, गाडी पुढे जाते, पण हळूहळू. तेवढ्यात मागून कोणीतरी मोठे दिवे मारत आलेला असतो. सपाटीलाही ८५-९० च्या पुढे ती जोर लावतेय हे जाणवतं. मला ताशी १२० ने जायचं नाही. चारपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा ८० ची आहे आणि ती मला मान्य आहे. मला ६० वरून ८० ला पटकन पोचायचं आहे, दोघांचं वजन घेऊन, चढावर. एवढीच मागणी आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, हे तिन्ही दुचाकींना बंद. म्हणजे महाराष्ट्रात मोठ्या इंजिनाची गाडी घेतली तरी ती मोकळी सोडण्यासारखे रस्ते आपल्या वाट्याला येतच नाहीत. मग ६५० घेऊन मी नक्की काय करणार, असा प्रश्न नवरा विचारतो, आणि तो रास्त आहे.

तरी शोरूमच्या चकरा सुरू झाल्यात. चार गाड्या डोक्यात आहेत: सुपर मिटिऑर ६५०, इंटरसेप्टर ६५०, ट्रायम्फ स्पीड ४०० आणि गुरिल्ला ४५०. कागदावर गणित मांडलं तर एक गंमत दिसली. गाडीचं वजन अधिक आमचं १४० किलो, आणि त्या एकूण वजनात दर शंभर किलोमागे किती अश्वशक्ती, असं काढलं. माझ्या मिटिऑरचा आकडा येतो ६ च्या आसपास. सुपर मिटिऑर (२४१ किलो, ४७ अश्वशक्ती) १२.३, गुरिल्ला (१८५ किलो, ४०) तेवढाच, स्पीड ४०० (१७६ किलो, ४०) १२.७, इंटरसेप्टर (२१८ किलो, ४७) १३.१. म्हणजे चौघीही दुप्पट ताकद देतात आणि आपसांत फरक जवळजवळ नाहीच! ६५० आणि ४०० मध्ये मी ताकदीवरून निवड करायला निघाले होते, पण हे गणित बघून ताकदीचा मुद्दा मी बाजूला ठेवलाय.

उरतं ते वजन, उंची आणि ताकद कशी येते हे. माझ्या गाडीची सीट ७६५ मिमी आहे, दोन्ही पाय सपाट टेकतात. सुपर मिटिऑर तर ७४० वर आहे, पण ती २४१ किलोची. माझ्या गाडीपेक्षा तब्बल ५० किलो जास्त. गुरिल्ला ७८०, स्पीड ७९०, इंटरसेप्टर ८०४. गावच्या घराकडे शेवटचा टप्पा उताराचा, लाल मातीचा आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. तिथे नवरा मागून उतरला तरी गाडी मलाच वळवायची असते. बसायला खाली पण ढकलायला जड, की बसायला उंच पण ढकलायला हलकी? माझ्या उंचीच्या माणसाने काय निवडावं?

खर्चाचंही सांगते, कारण घरात त्यावरच जास्त बोलणं झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्या ४० टक्क्यांत गेल्या. आधी त्यांच्यावर उपकर धरून ३१ टक्के होता. विम्याचंही तसंच. २०२२ पासून लागू झालेल्या दरांत थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ३५० सीसीपर्यंत १३६६ रुपये आणि पुढे २८०४. माझी गाडी ३४९ सीसीची, म्हणजे मी रेषेच्या अगदी अलीकडे उभी आहे आणि पलीकडे पाय टाकला की सगळंच चढ्या भावाने. पैसे साठवलेत, कर्ज काढायचं नाही. पण तेवढे पैसे घालून खंबाटकीतली पंधरा मिनिटंच सुधारणार असतील तर मला ते आत्ताच कळलेलं हवंय.

ज्यांनी ३५० वरून असा बदल केलाय, विशेषतः डबलसीट प्रवास करणाऱ्यांनी आणि कमी उंचीच्या बायकांनी, मनापासून सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझं सातारला गॅरेज आहे, म्हणून आधी जुन्या गाडीबद्दल विचारतो. ती थकलीय की मुळातच कमी पडतेय? चेन किती ताणलीय, एअर फिल्टर कधी बदललं, क्लच घसरतो का? चौथ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण पिळल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट गेल्यात. दोघं बसताना मागच्या टायरची हवा वाढवता का? पुष्कळ लोक एकट्याच्या हवेवरच डबलसीट जातात आणि गाडी जड झाली म्हणतात.

हे सगळं नीट असेल, तर मग तुमचं म्हणणं बरोबर आहे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ८० वरून १०० ला जायचं तर जवळजवळ दुप्पट ताकद लागते. २० अश्वशक्तीच्या गाडीला ९० च्या पुढे दम लागतो तो म्हणूनच, त्यात गाडीचा दोष काही नाही. सर्व्हिसिंग करून खंबाटकी एकदा परत चढा. फरक पडला नाही तर खुशाल पुढची गाडी बघा.

प्रतिसाद २

मी पाच फूट एक इंच, नाशिकला असते, सुपर मिटिऑर चालवते. चालायला लागली की ती २४१ किलोची आहे हे विसरायला होतं, वजन खाली आहे. इंजिन जुळं, म्हणजे दोन सिलिंडरचं, असल्यामुळे खालच्या आरपीएमपासूनच ओढतं, त्यामुळे मिटिऑरवरून येणाऱ्याला सवयी बदलाव्या लागत नाहीत. खंबाटकीचा तुमचा प्रश्न ती नक्की सोडवेल.

पण तुम्ही कोकणात दोघं जाता, म्हणून स्पष्ट सांगते. मागच्या शॉकना फक्त १०१ मिमी हलायला जागा आहे. खड्ड्यात मागच्या माणसाच्या पाठीला सरळ दणका बसतो. माझे मिस्टर आता तासाभराने चहाला थांबायला लावतात. आणि लाल मातीच्या उतारावर ती मागे ढकलायची असेल तर मी एकटीने करणार नाही. पार्किंग करताना तोंड नेहमी चढाकडे ठेवायचं, हे आता अंगवळणी पडलंय. तुमच्या घरी तशी जागा आहे का, ते आधी बघा.

प्रतिसाद ३

इंटरसेप्टर चालवतो, कोल्हापूर. ताकदीचं तुमचं गणित आवडलं, पण त्यात एक गोष्ट राहिली: ती ताकद कुठे मिळते. स्पीड ४०० चा कमाल टॉर्क ६५०० आरपीएमला आहे, गुरिल्लाचा ५५०० ला. तुम्हाला ४००० ची सवय. त्या दोन्ही गाड्या उत्तम आहेत, पण इंजिन फिरवत ठेवावं लागेल. ज्याला ते आवडतं त्याला फार आवडतं. तुम्ही कुंभार्लीतल्या संथपणाबद्दल जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुम्हाला जुळं इंजिन रुचेल.

आता इंटरसेप्टरचं. टाकी १३.७ लिटरची, मिटिऑरची १५. ॲव्हरेजही कमी, मला हायवेला २५-२६ मिळतं. म्हणजे पंपाचा हिशेब नव्याने करावा लागेल. आणि ब्रेककडे लक्ष द्या. ८० च्या जागी १०० ला असाल तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. गाडी सहज वेग घेते, तेव्हा काट्याकडे न बघता तुम्ही १०० ला पोचलेल्या असता. पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं ते दुहेरी वळण तुम्हाला माहीतच आहे. तिथे नव्या गाडीवर पहिले काही महिने फार जपून या.

प्रतिसाद ४

लंडनहून लिहितोय. इथे तरुणांना सरळ मोठी गाडी मिळत नाही. मधल्या परवान्यावर ३५ किलोवॅट, म्हणजे ४७ अश्वशक्तीपर्यंतच चालवता येतं. ६५० ची इंजिनं नेमकी त्याच मर्यादेत बसतात. म्हणजे तुम्ही ज्या गाड्या बघताय त्या इथे 'शिकण्याची पुढची पायरी' मानल्या जातात, बेफाम गाड्या नव्हेत. पण त्या पायरीवर चढायला इथे परीक्षा असते, भारतात गिअरच्या गाडीचा एकच परवाना सगळ्याला चालतो. म्हणून नवी गाडी आल्यावर मोकळ्या मैदानात अचानक ब्रेक दाबायचा सराव मागे माणूस बसवून करा. आधी एकटीने, मग दोघांनी.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

सातारच्या दादांचं पहिलं ऐकणार. चेन आणि क्लच दाखवून घेते, आणि टायरची हवा आता दोघांसाठी वेगळी ठेवते. नाशिकच्या ताई, तुमच्या 'चढाकडे तोंड' वरून घरच्या अंगणाचा नकाशाच डोळ्यासमोर आला. आमच्याकडे तशी जागा एकच आहे आणि तिथे सासऱ्यांची रिक्षा उभी असते. त्यामुळे सुपर मिटिऑर मी यादीतून काढतेय, मन नसतानाही.

राहिल्या तीन. टेस्ट राइडला शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून मला काही कळणार नाही, म्हणून तिथे दोन गोष्टी मागणार आहे: नवऱ्याला मागे बसवून चढाचा रस्ता, आणि इंजिन बंद ठेवून उतारावरून गाडी मागे ढकलून बघायची मुभा. इंटरसेप्टर ८०४ मिमीवर मला एकच पाय नीट टेकता येईल असं दिसतंय. कोल्हापूरच्या दादांना एक विचारते: सीटमधला फोम कमी करून घेतल्यावर लांबच्या प्रवासात बसायला त्रास होतो का, आणि मागच्या माणसाची सीट त्याने बिघडते का? इंटरसेप्टर की बाकीच्या दोघींपैकी एक, हे माझ्यासाठी आता याच उत्तरावर अडलंय.