शब्दचर्चा : ‘प्रत्यक्ष प्रारण’ की नुसतं ‘ऊन’?

प्रश्न (नाशिक) : जमिनीवर किती थेट सूर्यप्रकाश पोहोचेल याचा अंदाज देणारी मॉडेलं कशी तपासायची, यावर दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी टिपण लिहिते आहे. परिभाषेत ‘प्रत्यक्ष प्रारण’ (सूर्याकडून थेट येणारा प्रकाश) आणि ‘विसरित प्रारण’ (विखरून येणारा) आहे. बागेत उभं राहून ‘प्रारण’ म्हटलं तर कोण ऐकेल?

उत्तर : ताई, ‘ऊन’ आणि ‘उजेड’ म्हणा. मळभ आलं की आपण म्हणतोच, ‘उजेड आहे, ऊन नाही.’ बिंबाकडून सरळ येऊन सावली पाडतं ते ऊन. ढगाधुळीत विखरून आभाळभरातून येतो तो उजेड.

शंका : पण ‘ऊन ऊन भात’ही म्हणतो ना? शब्द ‘उष्ण’वरूनच आलेला.

उत्तर : ते विशेषण झालं. ‘ऊन पडलं’ म्हटल्यावर कुणाला भात आठवत नाही. जागतिक हवामान संघटनाही ऊन कधी म्हणायचं याची रेघ ओढते : सूर्यासमोर काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर थेट किरण 120 वॅट प्रति चौरस मीटरच्या वर हवेत. वातावरणाबाहेर थेट किरणांचा आकडा सुमारे 1361 असतो.

बागायतदार (ओझर) : ‘सूर्यासमोर’ हा शब्द गाळू नका. सकाळी सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असतो तेव्हा सपाट जमिनीला सूर्यासमोरच्या पृष्ठभागाच्या निम्मंच ऊन मिळतं. घड मात्र तिरप्या उन्हातही सापडतो. आम्ही कागद गुंडाळतो तो उगाच नाही. तेव्हा ‘सूर्यासमोरचं ऊन’ आणि ‘जमिनीवरचं ऊन’ असे दोन शब्द ठेवा.

प्रश्नकर्ती : पटलं, दोन्ही ठेवते. आणि ‘मूल्यमापन’?

उत्तर : ते विद्यार्थ्यांचं. अंदाजाचा ‘पडताळा’ घेतात. सूर्याचा माग घेणाऱ्या उपकरणाने मोजलेलं ऊन एका बाजूला, मॉडेलचं दुसऱ्या. इथे शब्द जपून वापरा. मॉडेल सकाळी 80 वॅट जास्त आणि दुपारी 80 कमी सांगत असेल, तर सरासरी चूक शून्य येते! म्हणून एका दिशेने झुकणं म्हणजे ‘कल’, आणि चूक केवढी ते वेगळं लिहा. कित्येक मॉडेलं एकूण प्रकाश घेऊन सूत्राने त्याची ऊन-उजेड अशी वाटणी करतात. ढगाळ दिवशी बेरीज जुळली तरी वाटणी फसू शकते. निरभ्र आणि ढगाळ दिवसांचा पडताळा एकत्र करू नका.

प्रश्नकर्ती : मग ढग येऊन-जाऊन असतात त्या दिवसांना ‘ऊनसावलीचे दिवस’ म्हणू?

बागायतदार (ओझर) : आम्ही तेच म्हणतो.