कॅनन १५००डी: दुसरी लेन्स ५० की ५५-२५०?

धागाकर्ती: लेकीला कॅनन १५००डी कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ एमएमची लेन्स आली (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). फेब्रुवारीत भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला जायचंय, एप्रिलमध्ये भाच्याची मुंज आहे. मावसभाऊ त्याची निकॉनची ७०-३०० फुकट देतोय. माझ्या मते ती घ्यावी आणि पैसे ५५-२५० ऐवजी ५० एमएम एफ/१.८ ला (कमी उजेडात चालणारी लेन्स) ठेवावेत. बरोबर ना?

पाणथळ: ताई, फुकट असली तरी ती लेन्स नको. निकॉनचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच) वेगळा, थेट बसणारच नाही. मधे लावायची रिंग मिळते, पण साध्या रिंगने ऑटोफोकस जातो. लेन्सवर अपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) स्वतःची रिंग नसेल तर अपर्चरही नीट बदलता येत नाही. उडणारा रोहित हाताने फोकस करत टिपायचा म्हणजे नवशिक्या मुलीचा हिरमोडच. कॅननचीच ५५-२५० घ्या. १५००डीचा सेन्सर लहान असल्याने २५० चं दृश्य फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) ४०० एमएमएवढं दिसतं.

मधली आळी: असहमत. हाताने फोकस करूनच शिकलो आम्ही.

पाणथळ: शिकलात, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर त्यासाठीच केलेला असायचा. १५००डीचा लहान आणि अंधुक आहे. हलत्या होडीत त्यातून फोकस लागलाय की नाही हे कळत नाही. (ट्रायपॉडही होडीत नेऊ नका, काही उपयोग नाही.)

घरचा फोटोवाला: मी ५० च्याच बाजूने. भिगवण वर्षातून एकदा. आजी, भाचा, मुंज हे सगळं घरातलं. १८-५५ ही ५५ वर एफ/५.६ पेक्षा मोठी उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर मोठं). एफ/१.८ ला त्याच्या जवळपास १० पट उजेड आत येतो. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात हा फरक फार मोठा आहे. फ्लॅशच्या भरवशावर राहू नका. १५००डीच्या हॉट शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे साधे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडत नाहीत.

पाणथळ: फ्लॅशचं पटलं. पण या कॅमेऱ्यावर ५० म्हणजे ८० एमएम. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावली तरी मातृभोजनाची पंगत मावायची नाही. आतलंच हवं असेल तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ बघा, चपटी आणि हलकी आहे.

घरचा फोटोवाला: पंगतीला १८-५५ आहेच की. बटूचा चेहरा, आईच्या हातातला घास, त्यासाठी ५०. मी ठाम आहे.

धागाकर्ती: निकॉनची परत करते. लेकीला विचारलं, तिला रोहितच हवेत. म्हणजे ५५-२५०. दुकानात काय बघू?

पाणथळ: बॉडी सोबत न्या. माउंटवर लाल ठिपका आणि पांढरा चौकोन दिसेल. लाल ठिपक्याच्या ईएफ आणि पांढऱ्या चौकोनाच्या ईएफ-एस, दोन्ही लेन्स बसतात. आरएफ लिहिलेली लेन्स मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची, ती चालणार नाही. फिल्टर (लेन्सच्या पुढे लावायची काच) ५८ एमएमचा घ्या, तुमच्या १८-५५ वर ५८ लिहिलेलं असेल तर दोन्हींना एकच पुरेल.

घरचा फोटोवाला: आणि ५० एमएम एकदा लावून बघाच, तिथेच, दुकानातल्या दिव्यात. लेकीच्या हातात द्या.