'पुट ऑफ' म्हणजे रद्द करणे नव्हे

'पुट ऑफ' (put off) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'रद्द करणे' असा कुणी देते, तो मला पटत नाही; त्याचा अर्थ पुढे ढकलणे असा आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोट वादळामुळे आज सुटणारच नसेल, तर तिथे 'कॉल्ड ऑफ' म्हणावे लागेल. मात्र तीच फेरी दोन तासांनी सुटणार असेल, तर 'पुट ऑफ' योग्य ठरते. महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागू होते, म्हणून एखाद्या तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) जाळी दुरुस्त करण्याचे काम तोवर लांबणीवर टाकले, तर 'ही पुट ऑफ मेंडिंग द नेट्स' असे वाक्य होईल. येथे 'टु मेंड' चालत नाही, आणि सर्वनाम आले तर ते मध्येच बसते, म्हणजे 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' नव्हे. आपल्याकडच्या मुलांचे गुण बहुधा इथेच जातात.

दुसरा अर्थ मन उडण्याचा आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी प्रथमच आलेल्या पाहुण्याची वासानेच मासे खाण्याची इच्छा मेली, तर 'द स्मेल पुट हिम ऑफ' म्हणावे. येथे कर्म बहुधा माणूसच असतो, हा फरक लक्षात ठेवला की पहिल्या अर्थाशी गल्लत होत नाही. होडीने किनारा सोडणे, असाही एक जुना दर्यावर्दी अर्थ शब्दकोशांत सापडतो, परंतु बोलण्यात तो आता क्वचितच ऐकू येतो.