'नाईव्ह' टी पेशी : भोळी, नवखी की कोरी?

शब्दखुळी : एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार करणारी पांढरी रक्तपेशी. छातीतल्या थायमस ग्रंथीमधून बाहेर पडलेली, पण आपला प्रतिजन (ती ओळखते तो परका रेणू) अजून न भेटलेली टी पेशी म्हणजे 'नाईव्ह'. मी 'भोळी' लिहिलं, संपादकांनी लाल रेघ ओढून 'अननुभवी' केलं. नोकरीची जाहिरात वाटतेय. काय करू?

खडीसाखर : भोळी नकोच. भोळी असती तर समोर येईल त्याच्या गळ्यात पडली असती. नवखी?

मोडीवाचक : नाईव्हचं मूळ लॅटिन 'नातिवुस', म्हणजे जन्मासोबत आलेलं. सरळ 'उपजत' घ्या. घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

शब्दखुळी : काका, 'उपजत' इननेट इम्युनिटीला, म्हणजे जन्मजात प्रतिकारशक्तीला देऊन झालाय. तिकडे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी बसल्यात.

खडीसाखर : मग कोरी!

परीक्षानळी : नाईव्ह टी सेलच लिहा ना, बारावीची मुलं तेच म्हणतात. 'कोरी'त तर घोळच आहे. कोरी पाटी म्हटलं की प्रतिजन येऊन तिच्यावर गिरवतो असं वाटतं. १९४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगना प्रतिपिंडांबद्दल (प्रतिजनाला चिकटणारी प्रथिनं) असंच वाटलं होतं : प्रतिजन हाच साचा, त्याला धरून प्रथिनाची घडी पडते. प्रतिकारशास्त्रज्ञ बर्नेटनी १९५७ मध्ये ते उलटवलं. पेशीवरचा ग्राहक, म्हणजे प्रतिजन ओळखणारा रिसेप्टर, आधीच ठरलेला, प्रतिजन फक्त जुळणारी पेशी निवडतो. टी पेशी थायमसमध्येच व्ही, डी, जे हे जनुकांचे तुकडे कापून जोडते आणि आपला ग्राहक घडवते. प्रतिपिंडांच्या जनुकांतली अशीच कापाकापी टोनेगावांनी १९७६ मध्ये दाखवली, १९८७चं नोबेल त्याचंच.

नऊवारी : पाटी कोरी वेगळी आणि कापड कोरं वेगळं. आजी कोरं लुगडं आधी पाण्यातून काढायची. काठ, पदर, रंग सगळं मागावरच ठरलेलं, फक्त अंगाला लागलेलं नाही. खळ गेली की मग ते तिचं. तुमची पेशी अशीच ना?

परीक्षानळी : हे पटलं बुवा. खळ म्हणजे सीडी४५आरए, नाईव्ह पेशीवरचं ओळखीचं प्रथिन! पेशी वापरात आली की त्याचंच दुसरं रूप, आरओ.

मोडीवाचक : कोरा हा कोरडाचाच भाऊ. न भिजलेला तो कोरा, माझं तरी असंच मत.

नऊवारी : मग कोरा चहा? तो कोरडा असतो?

मोडीवाचक : त्याला दूध लागलेलं नसतं.

खडीसाखर : आमच्या घरी काळा चहाच म्हणतात.

शब्दखुळी : चहा राहू द्या हो, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय.

मोडीवाचक : लिंबू पिळलं तर कोरा राहतो का?